पाळणाघराची पर्यायी सोय: जाऊबाईंच्या भरवशावर राहू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावात राहत्या घरी पाळणाघर, सहा मुलं, सगळ्यात लहान नऊ महिन्यांचं. मागच्या आठवड्यात चुलत सासरे वारले, पहाटे फोन आला आणि सगळ्यांना धुळ्याकडे निघावं लागलं. 'काही झालं तर मी आहे ना' म्हणणाऱ्या जाऊबाईही तुमच्याच गाडीत. सकाळी सातला पालकांना फोन केले. दोघं चिडले, एकीने तर या महिन्याचे पैसे अर्धेच देईन असं सुनावलं. पुन्हा अशी वेळ आली तर कोणाला उभं करायचं, पैशांचं कसं ठरवायचं आणि त्या दोघांशी आता काय बोलायचं, हे तुम्ही विचारलंय.

माझं पाळणाघर भुसावळला. आमच्याकडे येणारी मुलं रेल्वेतल्या, आयुध निर्माणीतल्या, दीपनगरच्या वीज केंद्रातल्या आईवडिलांची. त्यांच्या पाळ्या ठरलेल्या, त्यामुळे 'आज जमणार नाही' हे वाक्य सकाळी सातला ऐकणं त्यांना खरोखर परवडत नाही. म्हणून या गोष्टीचा मी जरा जास्तच विचार केलेला आहे.

जाऊबाई तुमच्याच गाडीत होत्या, उत्तर तिथेच आहे. आपल्याकडे अडीअडचणीला पहिली आठवते ती जाऊ, नणंद, मामेसासू. पण आपल्याला घर सोडायला लावणारी कारणं कोणती? मयत, लग्न, आपल्या खानदेशातला कानबाईचा उत्सव, नाहीतर सासूबाई दवाखान्यात. या सगळ्या वेळी तुम्ही जिथे जाणार तिथेच जाऊही जाणार. श्रावणात कानबाई बसते तेव्हा अख्खी भाऊबंदकी गावाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मदतीची पोरगी माहेरी जाणारच, तिला अडवणारे आपण कोण? म्हणून पर्यायी बाई शोधताना माझी पहिली अट: तिचं सोयर-सुतक तुमच्याशी जुळत नसावं. चांगली शेजारीण, दुसऱ्या गावचं माहेर असलेली, वेगळ्या भाऊबंदकीतली. ज्या कारणाने तुमचं दार बंद होतं, त्याच कारणाने तिचं होता कामा नये.

हीच गोष्ट घराच्या बाबतीत. तिचं घर तुमच्याच ट्रान्सफॉर्मरवर असेल तर मे महिन्यात दोघींकडची वीज एकदमच जाणार, आणि पंचेचाळीस अंशांत पंखा नसलेल्या घरात मुलं ठेवायची नसतात. थोडी लांबची गल्ली बरी.

आता दुसरी अट, आणि ही कोणी मनावर घेत नाही. मुलाने त्या बाईला आधी पाहिलेलं पाहिजे. नुसतं पाहिलेलं नव्हे, तिच्या हातून खाल्लेलं, तिच्या घरी एकदा तरी झोपलेलं. तुमचं नऊ महिन्यांचं बाळ तर ऐन अनोळखी माणसाला घाबरण्याच्या वयात आहे. साधारण आठव्या महिन्यापासून हे सुरू होतं आणि दीड वर्षापर्यंत चांगलंच टिकतं. या वयाचं मूल संकटाच्या दिवशी पहिल्यांदाच परक्या घरी टाकलं तर ते दूध घेणार नाही, झोपणार नाही, आणि बाकीच्या पाचांनाही रडवेल.

यासाठी काय करायचं, तर निवांत दिवसांत त्या बाईला घरी बोलवायचं. माझ्याकडे जी येते ती अंगणवाडीत मदतनीस होती, आता निवृत्त. आठवड्यातून एका दुपारी ती येते, मुलांना मऊ खिचडी भरवते, एखाद्याला पायावर घेऊन झोपवते, आणि त्या दुपारचे पैसे मी तिला देते. घरचे म्हणतात, तू घरात असताना दुसरीला पैसे कशाला? तेवढ्यासाठीच. परवा मला तातडीने दातांच्या डॉक्टरांकडे जावं लागलं, तेव्हा अडीच वर्षांच्या एका पोराने तिला फक्त एवढंच विचारलं, 'काकू कोठे शे?' तिने सांगितलं, 'दात दाखवाले गयी.' पोरगं परत ठोकळ्यांकडे वळलं.

अर्ध्या दिवसाचं काम असेल तर बाईने तुमच्या घरी यावं, मुलं हलवू नयेत. जागा तीच, गोधडी तीच, संडास-बाथरूम माहितीचं. एक-दोन दिवसांचं असेल, किंवा मयत तुमच्याच घरात असेल, तर मुलं दुसरीकडे न्यावी लागतात. त्यासाठी दुसऱ्या पाळणाघरवालीशी बोलून ठेवा: तू माझी दोन घे, मी तुझी दोन घेईन. दोनच. सहाच्या सहा एकाच घरी पाठवायची कल्पना सोडून द्या. तिची स्वतःची सहा आणि तुमची सहा म्हणजे बारा मुलं आणि दोन हात. तिने हो म्हटलं तरी तुम्ही नको म्हणा. तुमच्या सहांपैकी दोघांचे आजी-आजोबा गावातच असतील, एकाची आई घरून काम करत असेल. म्हणजे खरी सोय तीन-चार मुलांचीच लागते. ही यादी आधीच करून ठेवली की आकडा एवढा भीतिदायक राहत नाही. आणि आठ-पंधरा दिवसांचा प्रश्न असेल, समजा तुमचंच ऑपरेशन, तर पर्यायी बाईच्या जिवावर रेटू नका. पालकांना स्पष्ट सांगा, दुसरी जागा बघा, मी बरी झाले की जागा तुमचीच.

तिचं घर स्वतः जाऊन बघा, आणि मुलाच्या उंचीवरून बघा. आपल्या गावांत नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे प्रत्येक घरात टाक्या, ड्रम, बादल्या भरलेल्या. रांगणारं मूल बादलीत डोकं खाली करून पडलं तर त्याला उलटं उठता येत नाही, थोडंसं पाणीसुद्धा पुरतं. हौदाला झाकण हवं, बाथरूमला बाहेरून कडी हवी. उन्हाळ्यात कूलर. पत्र्याच्या बॉडीचा जुना कूलर असेल तर अर्थिंग आहे का ते वायरमनकडून बघून घ्या. ओल्या हाताने कूलरला चिकटलेल्यांच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. वर्षाचा गहू भरला असेल तर कोठीत कसल्या गोळ्या टाकल्यात ते विचारा. सल्फासच्या गोळ्यांपासून विषारी वायू निघतो, अशी कोठी असलेल्या खोलीत मुलं झोपवायची नाहीत. शेतीवाल्यांकडे कपाशीचं औषध कुठे ठेवतात तेही बघा. फिनेल कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायची सवय तर घरोघरी आहे. हे विचारताना अवघड वाटतं, समोरच्या बाईला राग येतो. येऊ द्या.

घरात कोण कोण असतं हेही. तिचा दीर, तिचा कॉलेजला जाणारा मुलगा, भाडेकरू. मुलं कोणाच्या हाती आंघोळीला, शी-शूला जाणार हे तिला स्पष्ट सांगायचं: फक्त तिच्या. आणि तुमच्या यजमानांकडे मुलं सोपवून निघून जाणार असाल तर ते पालकांना आधी सांगून, त्यांनी हो म्हटल्यावरच. तुमचा नवरा देवमाणूस असेल, पालकांनी विश्वास टाकलाय तो तुमच्यावर.

कागदाचं काम फार नाही, पण एक कागद लागतोच. माझ्याकडे कपाटाच्या आतल्या बाजूला प्रत्येक मुलाचा एक चिकटवलेला आहे. आई-वडिलांचे नंबर, शिवाय तिसरा एक नंबर जो नक्की उचलला जातो, कारण गाडीवर असलेल्या लोको पायलटला फोन लागत नाही. मुलाचा डॉक्टर कोण. कशाची अॅलर्जी. वजन आणि ते कधी केलं ती तारीख. झोपेची वेळ आणि कसं झोपतं. शेवटी, न्यायला कोण येऊ शकतं, फोटोसकट. आपल्याकडे 'मी मामा, न्यायला आलो' म्हणत कोणीही दारात उभं राहतं, आणि मूलही 'मामा' म्हणत पळत जातं. तुम्ही ओळखता, पर्यायी बाई ओळखत नाही. फोटोत नसलेल्या माणसाला आईशी फोनवर बोलल्याशिवाय मूल द्यायचं नाही, मग तो खराखुरा मामा असला आणि रुसला तरी.

औषधाबद्दल जरा थांबून सांगते, कारण पर्यायी बाईच्या हातून गडबड व्हायची ती इथेच. तापाचं पॅरासिटामॉल एकाच नावाने थेंबांतही मिळतं आणि सिरपमध्येही. थेंबांच्या बाटलीत साधारण एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतं. साध्या सिरपच्या पाच मिलीलिटरच्या चमच्यात १२० च्या आसपास, जास्त ताकदीच्या सिरपमध्ये २५०. आता कोणी 'एक चमचा दे' असं फोनवर सांगितलं आणि बाईच्या हातात थेंबांची बाटली असली, तर बाळाच्या पोटात ५०० मिलिग्रॅम गेलं. नऊ किलोच्या बाळाला एका वेळी साधारण ९० ते १३५ लागतं. म्हणून नियम असा: बाटली पालकांनी आणलेली, त्यावर मुलाचं नाव आणि डॉक्टरांनी सांगितलेले मिलीलिटर लिहिलेले. तसं नसेल तर औषध नाही. अंग पुसायचं आणि आईला फोन करायचा. झटके आले, श्वास लागला, मूल बेशुद्ध वाटलं तर आधी १०८, मग आई, मग तुम्ही. हा क्रम तिला पाठ करायला लावा, कारण घाबरलेली बाई सगळ्यात आधी तुम्हालाच फोन लावते.

एका प्रसंगी मात्र ही सगळी सोय बिनकामाची असते: तुमच्या घरात कांजिण्या निघाल्या तर. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच कांजिण्या पसरतात, म्हणजे तुम्हाला पहिला फोड दिसेपर्यंत सहाही मुलं त्या हवेत बसून गेलेली. त्यानंतर दहा ते एकवीस दिवसांत कोणालाही निघू शकतात. ती मुलं दुसऱ्या पाळणाघरात पाठवणं म्हणजे तिचं घरही बंद पाडणं. अशा वेळी पालकांनीच रजा काढायची, आणि हे प्रवेशाच्या दिवशीच बोलून ठेवायचं. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या आईला बालसंगोपन रजा असते, पूर्ण नोकरीत ७३० दिवस. राज्य सरकारच्या कर्मचारी महिलांना २०१८ पासून १८० दिवस. पण ही रजा आधी मंजूर करून घ्यावी लागते, आणि केंद्राची तर एका वेळी किमान पाच दिवसांची घ्यावी लागते. म्हणजे लांबच्या बंदला ती कामाची, तुमच्या त्या मयताच्या सकाळसारख्या दिवसाला किरकोळ रजाच. 'तुम्हाला रजा आहे ना' म्हणून सरकारी नोकरीवाल्या आईला गृहीत धरू नका.

पैसे. समजा महिन्याचे २६०० घेता आणि २६ दिवस उघडं असतं, तर एका मुलाचा एका दिवसाचा वाटा १००. मूल पर्यायी बाईकडे गेलं तर हे शंभर तुमच्या खिशातून तिला, त्याच दिवशी. पालकांकडून जास्तीचं काही नाही. सोय झालीच नाही आणि पालकाला घरी राहावं लागलं, तर त्या दिवसाचे शंभर पुढच्या महिन्यात वजा. उलट पालकाने स्वतःहून सुटी घेतली तर वजावट नाही. एवढं एका पानावर लिहून दोघांच्या सह्या. पर्यायी बाईला 'बघू नंतर' म्हणून उधार ठेवलं की पुढच्या वेळी तिच्याकडे पाहुणे आलेले असतात.

आणि उलटी अडचणही लक्षात ठेवा. जळगाव-भुसावळ पासावर ये-जा करणाऱ्यांची गाडी लेट झाली की मूल रात्री आठपर्यंत तुमच्याकडे. त्या वेळी पर्यायी सोय पालकांची हवी. प्रवेश देताना त्यांच्याकडूनही एक नाव घ्या, जवळ राहणारं. नाव देता आलं नाही तर तसं सांगून टाकतात, मग तुम्हीही उशिराचे तासाला किती ते सांगून टाका.

राहिले ते दोन चिडलेले पालक. त्यांना आता समजावत बसू नका. ज्यांना घरी राहावं लागलं त्या सगळ्यांचा त्या दिवसाचा वाटा या महिन्यात वजा करा, चिडलेल्यांचाही आणि न चिडलेल्यांचाही. जी अर्धे देईन म्हणाली तिला तेवढाच हिशेब दाखवा: एक दिवस गेला, एक दिवसाचे वजा. मग बाई ठरली की सगळ्यांना एका संध्याकाळी दहा मिनिटं थांबवून तिची ओळख करून द्या, तिचा नंबर द्या आणि घर बघून या म्हणा. ज्यांना ती पसंत नसेल त्यांनी स्वतःचं नाव सुचवावं, तेही चालेल. पहाटे पाठवायचा मेसेज आजच लिहून मोबाईलमध्ये ठेवा: 'नात्यात मयत झाली, आज मी नाही. तुमचं मूल अमुक ताईंकडे, त्या साडेसातला माझ्या घरी येतील. चावी, पिशव्या, कागद त्यांच्याकडे आहेत. पोहोचवलं की मला फक्त हो पाठवा.' अमुकच्या जागी नाव घालायचं, बाकी मजकूर तयार. साडेसातनंतरही एखादीचा 'हो' आला नाही तर तिला फोन पर्यायी बाईने करायचा, तुम्ही नाही. तुम्ही तेव्हा पारोळ्याच्या पुढे असाल आणि रेंज कधी येईल कधी जाईल.