हातातला कंट्रोलर आणि खेळातली तन्मयता

प्रश्न : मुलीसाठी व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर चढवून आभासी जग पाहण्याचे साधन) घ्यायचा आहे. काही हेडसेट कॅमेऱ्यांच्या मदतीने मोकळे हातही ओळखतात, असे समजले. मग कंट्रोलरची गरज उरते का? कंट्रोलर बदलला तर खेळात खरोखर फरक पडतो का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : फरक पडतो, आणि माझ्या मते तो चित्राच्या स्पष्टतेतल्या फरकापेक्षाही अधिक जाणवतो. डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे, हे आपल्याला कळत असते. हेडसेटमध्ये दिसणारा हात या जाणिवेशी जुळला, तरच समोरचे जग मनाला पटते. मार्च २०१६ मध्ये ऑक्युलस रिफ्ट हा हेडसेट विक्रीला आला, तेव्हा त्यासोबत एक्सबॉक्सचा नेहमीचा गेमपॅड मिळत असे. भोवती सगळे जग उभे राही, पण त्यात खेळाडूला स्वतःचे हात नसत. ही उणीव त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आलेल्या, प्रत्येक हातात एक असे धरायच्या टच कंट्रोलरांनी भरून काढली.

कंट्रोलरचा आकार खेळातल्या वस्तूशी जुळणेही महत्त्वाचे असते. ‘बीट सेबर’ या खेळात संगीताच्या तालावर येणारे ठोकळे तलवारीने कापायचे असतात; मुठीतला कंट्रोलर तिथे तलवारीची मूठच होतो, आणि ठोकळा कापला जाताच जाणवणारे बारीकसे कंपन तो घाव खरा करते. मोकळ्या हाताला हा आधार नसतो. उलट वस्तू फेकायची किंवा झेलायची असेल, तर सतत मूठ आवळून धरणे खटकते. म्हणूनच व्हॉल्व्ह कंपनीने २०१९ मध्ये आणलेला इंडेक्स कंट्रोलर पट्ट्याने तळहाताला बांधलेला राहतो. मूठ पूर्ण उघडली तरी तो पडत नाही, आणि त्यातील ८७ सेन्सर बोटांची हालचाल व पकडीचा जोर टिपतात.

हाताचा माग कसा घेतला जातो, हेही पाहावे. २०१९ च्या ऑक्युलस क्वेस्ट हेडसेटमध्ये कंट्रोलरच्या कड्यातले अवरक्त (डोळ्यांना न दिसणारे) दिवे हेडसेटवरचे कॅमेरे पाहतात. त्यामुळे पाठीवरच्या भात्यातून बाण काढायला हात मागे नेला, की तो कॅमेऱ्यांच्या दृष्टीआड जातो आणि त्याची जागा काही क्षण अंदाजानेच ठरवावी लागते. एचटीसी कंपनीच्या २०१६ च्या व्हाइव्ह हेडसेटमध्ये खोलीत बसवलेल्या पेट्यांमधून लेसर किरण फिरत असल्याने ही अडचण बरीच कमी होते, पण त्या पेट्या बसवण्याचा खटाटोप करावा लागतो. मोकळ्या हातांनाही दृष्टीआड जाण्याची अडचण आहेच. एक हात दुसऱ्याआड गेला तरी माग चुकतो. संथ कोडी सोडवण्यासाठी आणि मेनू हाताळण्यासाठी मात्र मोकळे हात छान वाटतात.

तेव्हा कंट्रोलरसहित मिळणाराच हेडसेट घ्यावा, आणि घेण्यापूर्वी कंट्रोलर मुलीच्या हातात देऊन पाहावा. ट्रिगर (तर्जनीने दाबायचे बटण) आणि बाजूचे पकडीचे बटण या दोन्हींपर्यंत तिची बोटे सहज पोहोचत नसतील, तर चित्र कितीही सुंदर असले तरी तिचे लक्ष खेळाऐवजी बोटांकडेच राहील.