गावकारभार : डोंगल कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे?

प्रश्न : ग्रामसभेत आम्ही स्मशानभूमीचा रस्ता मागितला, पावसाळ्यात तिरडी गुडघाभर चिखलातनं न्यावी लागते. सरपंच म्हणाले वित्त आयोगाचे, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणारे, पैसे फक्त पाण्यालाच वापरता येतात, रस्त्याला नाही. त्याच्या आधीची सभा कोरम नाही, म्हणजे पुरेशी माणसं नाहीत, म्हणून तहकूब केली होती. खरं काय समजायचं?
– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर : दादा, सरपंचांनी अर्धी गोष्ट सांगितली. पंधराव्या वित्त आयोगाचे (2021 ते 2026) पैसे दोन प्रकारचे असतात, बंधित आणि अबंधित. बंधित म्हणजे कशावर खर्च करायचा ते वरून ठरवून आलेलं, तो 60 टक्के, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. उरलेला 40 टक्के अबंधित, तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो, फक्त पगार आणि ऑफिस चालवण्याचा खर्च त्यातनं करायचा नसतो. म्हणजे समजा वर्षाला 10 लाख आले तर 3 लाख पाणी, 3 लाख स्वच्छता आणि 4 लाख गावानं ठरवायचे. स्मशानभूमीचा रस्ता या 4 लाखात बसतो की. आणि तेवढ्यात भागत नसेल तर जिल्हा नियोजन समितीच्या निधीतनं जनसुविधा योजना आहे, ती तर दहनभूमी-दफनभूमीच्या कामांसाठीच ओळखली जाते, त्यासाठी ग्रामपंचायतीने ठराव करून प्रस्ताव पाठवावा लागतो.

आता खरा मुद्दा असा की ते 4 लाख कशावर गेले हे तुम्हाला कुणी सांगितलं का? सभेत आपण तोंडी विचारतो, ते तोंडी उत्तर देतात, आवाज चढतो आणि सभा संपते, मी स्वतः पाच वर्षं ग्रामपंचायत सदस्य होते तेव्हा हेच बघितलंय आणि सुरवातीला मीही हेच करायचे. एकदा गटाराच्या कामावरून मी तासभर भांडले आणि घरी येऊन लक्षात आलं की माझ्याकडे त्या कामाचा एक कागद नाही, इस्टिमेट किती, बिल किती निघालं, मोजमाप पुस्तिकेत (एमबीत) लांबी किती लिहिलीय, काहीच माहीत नव्हतं. पुढच्या महिन्यात कागद काढले, टेप घेऊन गटार मोजलं, एमबीमध्ये लिहिलेल्या लांबीपेक्षा ते चांगलं वीसेक फूट कमी भरलं. त्या दिवसापासून मी सभेत आवाज चढवलेला नाही, कागद पुढे ठेवला की समोरचा आपोआप नीट बोलतो.

तर तुम्ही मोबाईलवर ई-ग्रामस्वराज ही सरकारी वेबसाइट उघडा, वर्ष, राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत निवडा, गावाचा आराखडा (वर्षात कोणती कामं करायची ती यादी) आणि झालेला खर्च दोन्ही तिथे दिसतात, कुणाची परवानगी लागत नाही. आराखड्यात तुमचा रस्ता आहे का ते आधी बघा, कारण आराखड्यात नसलेल्या कामाला पैसे मिळणं अवघड जातं आणि तो आराखडा ग्रामसभेतच मंजूर होतो. म्हणून आराखड्याच्या सभेला माणसं न्या, 26 जानेवारीला झेंडावंदन करून सगळे घरी पळतात तसं नको. रस्त्याची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या, सही-शिक्क्याची.

तपशील पाहिजे असेल तर माहितीचा अधिकार. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्या, आपल्याकडे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून "सर्व कारभाराची माहिती द्या" असं लिहू नका, तो अर्ज हमखास अडकतो. नेमकं मागा : अमुक वर्षाची नमुना 5 ची रोकड वही, अमुक कामाचं इस्टिमेट, एमबी आणि बिल. 30 दिवसात उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

आणि तहकूब सभेचं. कोरम म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यातला जो आकडा कमी तो. तेवढे नसतील तर सभा तहकूब होते, पण तीच सभा परत भरली की तिला कोरम लागत नाही, अजेंड्यावरच्या विषयांवर ठराव करता येतात. लोकांना वाटतं तहकूब म्हणजे संपलं आणि मग परत भरलेल्या सभेला पंधरा माणसं असतात आणि सगळे ठराव मंजूर! तिथेच जायचं असतं.

प्रश्न : मी महिला राखीव जागेवरनं थेट निवडून आलेली सरपंच आहे. बारावी शिकलेय. डिजिटल सहीचा डोंगल, कॉम्प्युटरला लावायचा पेनड्राइव्हसारखा असतो तो, ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतो, पिन त्यालाच माहितीय. मागच्या महिन्यात एका बिलाचे पैसे गेले ते मला नंतर कळलं. घरचे म्हणतात सगळ्या गावात असंच चालतं, तू लक्ष घालू नको.
– एक सरपंच, मराठवाडा

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलं. घरच्यांचं ऐकू नका. "असंच चालतं" हे खरं आहे पण चौकशी लागते तेव्हा नाव ऑपरेटरचं नाही, तुमचं येतं.

हे कसं चालतं ते आधी बघू. ऑनलाइन पेमेंटला दोन सह्या लागतात, ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय) बिल तयार करून पुढे पाठवतात आणि सरपंच ते तपासून मंजूर करतात. म्हणजे गावाच्या पैशाला दोन कुलपं लावलीयत आणि दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या माणसांकडे असाव्यात हाच त्यामागचा विचार आहे. तुमचा डोंगल दुसऱ्याकडे असला की दुसरं कुलूप राहिलंच नाही. कॉम्प्युटरला ते कोणाचं बोट आहे कळत नाही, त्याला फक्त तुमची सही दिसते, आणि कायद्यालाही तीच दिसते. गैरवर्तन किंवा कर्तव्यात कसूर झाली म्हणून ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 39 खाली सरपंचाला पदावरून काढता येतं, निधीचा अपहार असेल तर वसुली आणि पोलीस केस वेगळी. तेव्हा "मला माहीत नव्हतं" असं म्हणून बायका रडताना मी बघितल्यात हो, त्यातल्या एकीने तर तोपर्यंत स्वतःचा डोंगल हातातही धरला नव्हता.

उद्या सकाळी ऑफिसला जा आणि डोंगल मागून घ्या, भांडायची गरज नाही, "माझ्याकडे राहू दे, लागेल तेव्हा मी येते" एवढंच म्हणा. पिन बदला, कुणासमोर टाकू नका, घरातही सांगू नका, हो, नवऱ्यालाही नाही. डोंगल दिला नाही किंवा हरवला म्हणाले तर त्याच दिवशी गटविकास अधिकाऱ्यांना लेखी पत्र द्या की माझी सही माझ्या ताब्यात नाही, ती बंद करून नवीन द्यावी, आणि पोच जपून ठेवा, कारण पुढे काही झालं तर ती तारीखच तुम्हाला वाचवेल. ओटीपीसाठी कुणाचा मोबाईल नंबर टाकलाय तेही बघा.

मग त्या गेलेल्या बिलाची फाईल मागवा. सरपंच म्हणून तुम्हाला अर्ज करायची गरज नाही, तुमच्याच ऑफिसातली फाईल आहे. मासिक सभेचा ठराव, इस्टिमेट, तांत्रिक मान्यता, एमबीवर इंजिनिअरची सही, पूर्णत्वाचा दाखला आणि फोटो, एवढं असलं पाहिजे. फोटोतलं काम जागेवर जाऊन बघा. काही कमी असेल तर मासिक सभेत विषय घ्या आणि तुमचं म्हणणं इतिवृत्तात लिहून घ्या, शब्द न् शब्द. पुढच्या बिलांना एक सवय लावा, फाईल वाचल्याशिवाय डोंगल लावायचा नाही. सुरवातीला एका फाईलला दोन तास लागतील, लागू द्या. तुम्ही बारावी शिकलायत, त्या फाईलमध्ये तुम्हाला न कळण्यासारखं काही नाही.

प्रश्न : आमच्या वॉर्डातल्या सदस्याने दोन वर्षांची घरपट्टी भरलेली नाही. सदस्यत्व जातं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : जाऊ शकतं. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम 14 प्रमाणे बिल रीतसर बजावल्यापासून तीन महिन्यात कर भरला नाही तर सदस्य अपात्र ठरतो, आणि एकत्र कुटुंबात थकबाकी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर असली तरी ते अंगाशी येतं. पण "रीतसर बजावलं" यावरच बहुतेक प्रकरणं हरतात. ग्रामपंचायत बिलंच वाटत नाही किंवा वाटल्याची सही घेत नाही, मग पुरावा काय देणार? आधी बिल बजावल्याची पोच मिळवा, मग जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. आणि तुमची स्वतःची पावती आधी काढून ठेवा.

प्रश्न : आम्ही डोंबिवलीत राहतो, कोकणात आजोबांचं घर आहे, घरपट्टी मी वीस वर्षं भरतोय. नमुना 8 ला माझं नाव आहे. घर माझं झालं ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, घरपट्टी कुणाकडून घ्यायची एवढंच ती सांगते, मालकी त्यावरून ठरत नाही. काका, आत्या, त्यांची मुलं, ज्यांचा हिस्सा आहे त्यांचा तो राहतोच. गावठाणाची ड्रोनने मोजणी स्वामित्व योजनेत झाली असेल तर भूमी अभिलेखकडे मिळकत पत्रिका कुणाच्या नावाने निघालीय ते बघा, वारसांची नावं राहिली असतील तर सगळ्यांनी मिळून अर्ज करा. गणपतीत सगळे गावी जमतातच, तेव्हा बसून बोला आणि वाटणी नोंदणीकृत करून घ्या. घरपट्टीच्या पावत्या मात्र सांभाळून ठेवा, हिशोबाला बसाल तेव्हा वीस वर्षं खर्च कुणी केला हे त्यातनं दिसेल.