आमरसासाठी कोणता फ्रीझर घ्यावा?

तुम्हाला वर्षभरासाठी आमरस, सोललेले मटार आणि खवलेला नारळ साठवायचा आहे, म्हणून माझे मत आडव्या, हाताने बर्फ काढाव्या लागणाऱ्या डीप फ्रीझरच्या बाजूने आहे. दुसरा पर्याय असलेल्या फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे बर्फ आपोआप काढणाऱ्या यंत्रात पंखा थंड हवा खेळवतो आणि ठरावीक वेळाने हीटर चालू होऊन शीतनलिकांवरील बर्फ वितळवतो. त्यामुळे आतले तापमान थोडे वर-खाली होते आणि ती कोरडी, फिरती हवा सैल बांधलेल्या पदार्थांतील ओलावा शोषून घेते. मटार सुरकुततात, मासळीच्या तुकड्यांवर पांढरट, कोरडे डाग पडतात. महिन्याभरात संपणाऱ्या जिनसांसाठी हा दोष किरकोळ आहे. आठ-दहा महिने ठेवायच्या रसासाठी नाही.

आडव्या फ्रीझरचे झाकण उघडले तरी जड थंड हवा बरीचशी तळाशीच राहते. पावसाळ्यात वीज गेली, तर गच्च भरलेला आणि न उघडलेला फ्रीझर साधारण 48 तास माल गोठलेला ठेवतो, अर्धा भरलेला त्याच्या निम्मा वेळ. तापमान उणे 18 अंश सेल्सिअस ठेवावे.

कष्ट आहेत, हे खरे. भिंतींवर अर्ध्या सेंटिमीटरहून जाड थर जमला की यंत्र बंद करून तो वितळू द्यावा. सुरीने खरवडण्याचा मोह मात्र टाळावा, कारण नळीला भोक पडले की दुरुस्ती महागात जाते. हे काम आंब्याच्या हंगामाआधी, साठा संपत आलेला असताना उरकावे. वाकून तळाचे डबे काढणे घरात कोणाला जमणारच नसेल, तर मात्र उभे फ्रॉस्ट-फ्री यंत्र घ्या आणि पिशव्यांतील हवा नीट काढून टाका.