पाय काढताच बंद पडणारे इंजिन

प्रश्न : माझी पेट्रोलवर चालणारी जुनी मोटार चावी फिरवताच सुरू होते, मात्र अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की दोन-तीन सेकंदांत इंजिन बंद पडते. पाय दाबून ठेवला, तर चालू राहते. मेकॅनिक पेट्रोलचा पंप बदलायला सांगतात. बदलावा का?

उत्तर : इतक्यात बदलू नका. पंप दुबळा असता, तर पाय दाबल्यावर, म्हणजे पेट्रोलची गरज वाढल्यावर, इंजिन अधिकच अडखळले असते. आपल्या वर्णनावरून संशय हवेच्या वाटेवर जातो. पाय काढल्यावर थ्रॉटलची झडप, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप, जवळजवळ मिटते आणि मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे टिकवण्यापुरती हवा झडपेच्या कडेच्या फटीतून किंवा आयडल व्हॉल्व्हमधून (पाय काढलेला असताना हवा पुरवणाऱ्या छोट्या झडपेतून) आत जाते. तिथे काजळीचा चिकट थर बसला की ही वाट बुजते. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरकडून येणारी जाड नळी काढा आणि झडपेची कड बॅटरीच्या उजेडात पाहा. ती काळी दिसली, तर थ्रॉटल क्लीनरने भिजवलेल्या मऊ कापडाने पुसून घ्यावी. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल (तारेऐवजी विजेच्या मोटरने उघडणारा) असल्यास झडप बोटाने ढकलू नये, हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. साफसफाईनंतर काही गाड्यांत आयडलची, म्हणजे पाय काढल्यावर झडप किती उघडी ठेवायची याची, नोंद गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनर यंत्राने नव्याने बसवावी लागते.

एवढ्याने भागले नाही, तर मॅनिफोल्डला (थ्रॉटलपासून इंजिनात हवा नेणाऱ्या भागाला) जोडलेल्या रबरी नळ्या भेगाळल्या आहेत का, ते तपासा. चालू इंजिनात तिथून बारीक फुसफुस ऐकू येते. पंपाचा खर्च मात्र गेजवर पेट्रोलचा दाब मोजून घेतल्याशिवाय मुळीच करू नका.