लिस्बनमध्ये दोन दिवस हाताशी असतील, तर शहराचा साहित्यिक आणि ऐतिहासिक वारसा पायी फिरून कसा पाहावा?

प्रश्नाच्या तपशिलात तुम्ही म्हटले आहे की पोर्तुगीज साहित्य तुम्ही फारसे वाचलेले नाही आणि मार्गदर्शकासह सहल घ्यावी की स्वतःच फिरावे हे ठरत नाही. नोकरीनिमित्त मी काही काळ लिस्बनमध्ये राहत होते आणि सुट्टीच्या दिवशी या शहरात चालत राहणे हाच माझा मोठा विरंगुळा होता; त्या आधारावर सांगते. स्वतःच फिरा. पहिला संपूर्ण दिवस शहराच्या मध्यभागातील शियादोच्या टेकडीवरून नदीकाठापर्यंत उतरणाऱ्या तीन-चार किलोमीटरच्या एकाच वाटेला द्या आणि दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या बेलें या भागात जा. मार्गदर्शक माहिती चांगली देतात, परंतु मी ज्या सहलींबरोबर चालले त्यांत गोव्याचा उल्लेख मसाल्यांच्या व्यापारापलीकडे क्वचितच गेला. आपल्या दृष्टीने मात्र या शहराचा निम्मा अर्थ तिथेच आहे, आणि तो सोबत नेल्याशिवाय तिथल्या पाट्या व पुतळे पूर्णपणे उलगडत नाहीत.

निघण्यापूर्वी एक तारीख लक्षात ठेवा: १ नोव्हेंबर १७५५. त्या दिवशी सर्व संतांचा सण होता आणि सकाळी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानाच भूकंप झाला. पाठोपाठ समुद्राच्या लाटा नदीतून आत शिरल्या आणि मग कित्येक दिवस आग धुमसत राहिली. राजवाडा, त्यातील ग्रंथालय आणि पूर्वेकडील सगळ्या व्यापाराचा कारभार जिथून चाले ते ‘काझा दा इंदिया’ हे कार्यालय या आपत्तीत नष्ट झाले. त्यामुळे लिस्बनमध्ये कोणतीही वास्तू पाहताना ती भूकंपाआधीची की नंतरची, हा प्रश्न आधी विचारावा.

चालायला सुरुवात कामोंईश चौकातून करा. मध्यभागी लुईश द कामोंईश या कवीचा १८६७ साली उभारलेला पुतळा आहे. बहुतेक लोक वर पाहून छायाचित्र काढतात आणि पुढे जातात. तुम्ही मात्र चौथऱ्याभोवती उभ्या असलेल्या आठ लहान पुतळ्यांपाशी थांबा. त्यांत फेर्नांव लोपेश द काश्तान्येदा आहे, जो १५२८ साली वडिलांबरोबर गोव्यात आला, सुमारे दहा वर्षे पूर्वेकडे राहिला आणि परतल्यावर त्याने पोर्तुगिजांच्या भारतातील स्वाऱ्यांचा इतिहास लिहिला. त्याच रांगेत जुआंव द बारुश आहे, ज्याने भारतात एकदाही पाऊल न ठेवता, काझा दा इंदियातील अधिकारपदावर बसून, तिथे येणाऱ्या कागदपत्रांच्या आणि लोकांच्या आधारे आशियातील पोर्तुगीज कारकिर्दीचे मोठे ग्रंथ सिद्ध केले. आपल्या किनारपट्टीच्या सोळाव्या शतकाबद्दल आपण आज जे वाचतो, त्यातील बराच भाग या दोघांच्या लेखणीतून आलेला आहे. स्वतः कामोंईश एका मारामारीबद्दल तुरुंगात होता. १५५३ साली सुटका होताच तो जहाजाने गोव्याला गेला आणि पुढची अनेक वर्षे त्याने पूर्वेतच काढली. त्याचे महाकाव्य १५७२ साली लिस्बनमध्ये छापले गेले, परंतु त्याची छापून आलेली पहिली कविता गोव्यात, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या वैद्याच्या औषधी वनस्पतींवरील ग्रंथात प्रसिद्ध झाली. या ओर्ताकडे मुंबई बेट भाडेपट्ट्याने होते. त्याचे नाव ध्यानात ठेवा, कारण दुपारी ते पुन्हा लागेल.

चौकाला लागूनच ‘आ ब्राझिलेइरा’ हे १९०५ सालचे कॉफीगृह आणि त्याच्या दारात विसाव्या शतकातील कवी फेर्नांदो पेसोआ याचा ब्राँझचा पुतळा आहे. तिथे इतकी गर्दी असते की फार वेळ घालवू नये. उतारावर थोडे खाली ‘बेर्त्रांद’ हे १७३२ साली स्थापन झालेले पुस्तकांचे दुकान आहे. तिथे पेसोआचे इंग्रजी भाषांतर घ्या आणि वळून सांव कार्लुश या नाट्यगृहासमोरच्या लहानशा चौकात जाऊन बसा. समोरच्या इमारतीत १३ जून १८८८ रोजी पेसोआचा जन्म झाला. बालपण दक्षिण आफ्रिकेतील डर्बनमध्ये गेले, परंतु १९०५ साली परतल्यावर तो या शहराबाहेर क्वचितच गेला. व्यापारी पेढ्यांसाठी इंग्रजी आणि फ्रेंच पत्रव्यवहार करून तो पोट भरत असे आणि उरलेल्या वेळात केवळ कविताच लिहीत नसे, तर त्या लिहिणारे कवीही निर्माण करीत असे. आल्बेर्तो काएइरो, रिकार्दो रेइस, आल्वारो द कांपुश अशा प्रत्येकाला त्याने स्वतंत्र चरित्र, स्वतंत्र शैली आणि स्वतंत्र विचारसरणी दिली. ३० नोव्हेंबर १९३५ रोजी ज्या रुग्णालयात त्याचा मृत्यू झाला, ते या चौकापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. पोर्तुगीज भाषेतील त्याचे एकच पुस्तक त्याच्या हयातीत निघाले. बाकीचे पंचवीस हजारांहून अधिक कागद एका पेटीतून बाहेर आले.

याच चौकापासून अगदी जवळ आंतोनियो मारिया कार्दोसो नावाचा रस्ता आहे. तिथे हुकूमशहा सालाझारच्या राजवटीतील ‘पीद’ या गुप्त पोलीस दलाचे मुख्यालय होते. आज तिथे राहण्याच्या सदनिका आहेत आणि भिंतीवरची पाटी सहज नजरेतून सुटते. २५ एप्रिल १९७४ च्या संध्याकाळी, राजवट कोसळत असताना, या इमारतीतून जमावावर गोळीबार झाला आणि चार जण मारले गेले. त्यांची नावे त्या पाटीवर आहेत. ती पाटी शोधून वाचाच, कारण त्या क्रांतीत इतर ठिकाणी रक्त जवळजवळ सांडले नाही आणि म्हणूनच या चौघांचा विसर पडणे सोपे झाले आहे.

तिथून कार्मो चौकात या. पहिल्या दिवसाचा सर्वात जास्त वेळ मी इथे देण्यास सांगेन. चौदाव्या शतकाच्या अखेरीस नुनु आल्वारेश पेरेइरा या सेनापतीने उभारलेल्या मठाचे छप्पर भूकंपात कोसळले. पुढच्या वर्षी पुनर्बांधणी सुरू झाली, परंतु १८३४ साली पोर्तुगालमधील धार्मिक संघ बरखास्त झाल्याने ते काम अर्धवट राहिले आणि नंतर ते तसेच ठेवण्यात आले. आत गेल्यावर दोन्ही बाजूंचे खांब आणि त्यांवरच्या टोकदार कमानी डोक्यावरून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातात. त्यांच्या मध्ये छत नाही, थेट आकाश आहे. जमिनीवर जिथे भाविक गुडघे टेकत तिथे गवत आहे. कमानींच्या दगडाचा रंगही एकसारखा नाही आणि जुने कुठे संपते व नंतरचे कुठे सुरू होते ते नीट पाहिल्यास ओळखू येते.

या मठाला लागूनच राष्ट्रीय रक्षक दलाची छावणी आहे. २५ एप्रिल १९७४ रोजी सालाझारनंतर सत्तेवर आलेला पंतप्रधान मार्सेलो काएतानो तिथे आश्रयाला गेला होता आणि कॅप्टन साल्गेइरो माया याने रणगाडादळाच्या गाड्यांसह या चौकातच वेढा घातला. संध्याकाळी काएतानोने सत्ता सोडली. आपल्यासाठी या चौकाचे महत्त्व असे की, गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला तरी पोर्तुगालने ते मान्य केले नव्हते. ही राजवट गेल्यानंतरच, ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने, गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरील भारताचे सार्वभौमत्व पोर्तुगालने स्वीकारले. फरसबंदीत साल्गेइरो मायाच्या स्मरणार्थ एक गोल बसवलेला आहे, त्याच्यावरून लोक नकळत चालत जातात.

खाली उतरल्यावर रोसियो चौक लागतो. उत्तरेकडे जे राष्ट्रीय नाट्यगृह दिसते, त्या जागी पूर्वी इन्क्विझिशनचा, म्हणजे धर्मद्रोहाचा संशय असलेल्यांवर खटले चालवणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, वाडा होता. शेजारच्या सांव दोमिंगुश चर्चमध्ये अवश्य जा. १९५९ साली तिथे भीषण आग लागली आणि डागडुजी करताना जळलेले, तडकलेले खांब मुद्दाम तसेच ठेवले. एप्रिल १५०६ मध्ये याच चर्चमध्ये सुरू झालेल्या दंगलीत सक्तीने ख्रिस्ती केलेल्या हजारो ज्यूंची हत्या झाली. बाहेर त्यांचे स्मारक आहे. गार्सिया द ओर्ता हा अशाच कुटुंबातला. लिस्बन सोडून तो भारतात आला तो १५३४ साली. पुढे इन्क्विझिशनही गोव्यात पोहोचले, त्याच्या बहिणीला १५६९ साली जिवंत जाळले गेले आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५८० साली, त्याची हाडे उकरून तीही जाळण्यात आली. ज्याच्या ग्रंथात कामोंईशची पहिली कविता आली, त्याचा पुतळा कामोंईशच्या चौथऱ्यावर नाही, ही गोष्ट मला दर वेळी अस्वस्थ करते.

रोसियोपासून नदीपर्यंतचा बायशा भाग पोंबाल या मंत्र्याने भूकंपानंतर सरळ रेषेत आखून घेतला. इथल्या भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा आहे, जो धक्का बसल्यावर थोडा हलतो, पण इमारत पडू देत नाही. पेसोआने आपल्या गद्य लेखनातील कारकून याच भागातल्या दोरादोरेश रस्त्यावर ठेवला आहे. दुकानांत वेळ न घालवता त्या रस्त्याने सरळ नदीकडे जा. पुढचा विस्तीर्ण चौक म्हणजे जुन्या राजवाड्याची आणि काझा दा इंदियाची जागा. बारुश बसत असे तो परिसर हाच, आणि त्याचे आता काहीही उरलेले नाही.

नदीकाठाने पूर्वेला थोडे गेल्यावर, टोकदार दगड बाहेर आलेल्या दर्शनी भागाची ‘काझा दुश बिकुश’ दिसेल. गोवा जिंकणाऱ्या आफोन्सो द आल्बुकर्कच्या मुलाने ती १५२३ च्या सुमारास बांधली. आज तिथे जुझे सारामागो याच्या नावाची संस्था आहे. १९९८ चे नोबेल मिळालेला हा लेखक शेतमजुरांच्या घरात जन्मलेला आणि राजेरजवाड्यांच्या इतिहासाला आयुष्यभर प्रश्न विचारत राहिलेला. त्याची रक्षा या घरासमोरच्या ऑलिव्हच्या झाडाखाली आहे. ते झाड त्याच्या जन्मगावाहून आणून लावले आहे. पेसोआच्या मृत्यूनंतरही त्याचा काल्पनिक कवी रिकार्दो रेइस जिवंत राहून लिस्बनला परततो, अशी कल्पना करून सारामागोने १९८४ साली एक कादंबरी लिहिली. जाण्यापूर्वी एकच पुस्तक वाचणे शक्य असेल तर ती वाचा, कारण तीत हीच सारी वाट पावसात चालून येते.

दिवस संपवायचा तो वर कॅथेड्रलशेजारच्या आल्झूब संग्रहालयात. इथे १९६५ पर्यंत राजकीय कैदी ठेवले जात. माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या कोठड्या आत दाखवल्या आहेत.

काही व्यावहारिक बाबी. लहान दगडांची फरसबंदी पावसात फार निसरडी होते, तेव्हा पकड असलेले बूट घाला. बरीच संग्रहालये सोमवारी बंद असतात. अठ्ठावीस क्रमांकाच्या ट्राममध्ये खिसेकापू असतात आणि या वाटेसाठी तिची गरजही नाही.

दुसऱ्या दिवशी काइश दु सुद्रे स्थानकातून कश्काइशच्या दिशेची गाडी पकडून बेलेंला उतरा. जेरोनिमुश मठात वास्को द गामा आणि कामोंईश यांच्या समाध्या प्रवेशाजवळच समोरासमोर आहेत, आणि पेसोआलाही १९८५ साली याच मठात आणले गेले. त्याच रेल्वेमार्गावर पुढे काशियास स्थानक आहे. तेथील किल्ल्यात, १९५५ साली गोव्यातील बेती येथील पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेलेले गोवा मुक्तिलढ्यातील क्रांतिकारक मोहन रानडे यांनी कारावासाची अनेक वर्षे काढली. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके यांनी जिवाचे रान केले आणि १९६९ साली ते सुटले. रानडे यांचे ‘सतीचे वाण’ हे पुस्तक मिळाल्यास सोबत न्या. किल्ल्यात आजही तुरुंग असल्यामुळे आत जाता येत नाही, म्हणून वेळ कमी पडला तर काशियासला उतरू नका. आल्झूब मात्र सोडू नका.