'व्हाइट होप' आणि धवल आशा

प्रश्न असा आहे : एका अनुवादित लेखात नव्या खेळाडूचं वर्णन 'संघाची धवल आशा' असं केलंय. मूळ इंग्रजीत 'व्हाइट होप' असावं. हा वाक्प्रचार आला कुठून, आणि मराठीत काय लिहावं?

'धवल' नको. त्या शब्दाने हिमशिखरं आठवतात, फार तर दूधक्रांती. इथला 'व्हाइट' म्हणजे निव्वळ कातडीचा रंग, आणि तो आला बॉक्सिंगमधून, जॅक जॉन्सन या काळ्या मुष्टियोद्ध्यामुळे.

जॉन्सन टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनचा, जन्म १८७८ चा. आईवडील दोघंही एकेकाळी गुलामीत होते. हलक्या वजनगटांत तोवर जो गॅन्ससारखे काळे जगज्जेते होऊन गेले होते, पण हेवीवेटचं पद गोऱ्यांनी आपल्यापुरतं राखून ठेवलं होतं. १९०३ मध्ये जॉन्सन 'कृष्णवर्णीयांचा जगज्जेता' झाला, तरी खरा जगज्जेता जिम जेफ्रीज त्याच्याशी लढायला तयार होईना. १९०५ मध्ये जेफ्रीज अपराजित राहूनच निवृत्त झाला. पुढे पद कॅनडाच्या टॉमी बर्न्सकडे गेलं. जॉन्सन त्याच्या मागोमाग इंग्लंडला गेला, तिथून ऑस्ट्रेलियाला. अखेर तीस हजार डॉलर कबूल झाल्यावर बर्न्स तयार झाला. जॉन्सनच्या वाट्याला पाच हजार. २६ डिसेंबर १९०८ ला सिडनीत, चौदाव्या फेरीत, पोलिसांनी लढत थांबवली आणि जॉन्सन जगज्जेता ठरला. चित्रीकरणही बंद पाडलं, गोरा जगज्जेता कोसळताना दिसायला नको म्हणून!

लढतीला वार्ताहर म्हणून कादंबरीकार जॅक लंडन हजर होता. जेफ्रीजने शेतावरून परत यावं आणि जॉन्सनच्या चेहऱ्यावरचं ते सोनेरी हसू पुसून टाकावं, असं त्याने चक्क बातमीत लिहिलं. (सोनेरी, कारण जॉन्सनच्या तोंडात सोन्याचे दात होते.) मग जॉन्सनला लोळवू शकेल अशा गोऱ्याची शोधाशोध सुरू झाली, आणि अशा प्रत्येक उमेदवाराला म्हणू लागले 'व्हाइट होप'.

त्यातला सगळ्यात मोठा अर्थातच जेफ्रीज. ४ जुलै १९१० ला नेवाडातल्या रीनो गावी तो उतरला आणि पंधराव्या फेरीत, कारकिर्दीत पहिल्यांदाच, खाली पडला. त्या रात्री अमेरिकेत ठिकठिकाणी दंगली झाल्या. मेले ते बहुतेक काळे. १९१२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने लढतींच्या चित्रफिती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायलाच बंदी घातली. इकडे 'होप' तयार करण्याचा उद्योग थांबला नव्हता. ल्यूथर मॅकार्टी नावाच्या एकाला १९१३ मध्ये 'गोऱ्यांचा हेवीवेट जगज्जेता' म्हणून घोषितही करून टाकलं. पद आहे एकाकडे, मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर.

रिंगणात जमेना ते कोर्टात जमलं. स्त्रियांचा व्यापार रोखण्यासाठी केलेला कायदा जॉन्सनच्या गोऱ्या मैत्रिणीवरून त्याला लावला. सगळे ज्युरी गोरे. एक वर्ष नि एक दिवसाची शिक्षा. तो देश सोडून पळाला, आणि ५ एप्रिल १९१५ ला हवानात, सव्विसाव्या फेरीत, जेस विलर्डने त्याला हरवलं. एक 'होप' शेवटी फळाला आली. त्यानंतर थेट १९३७ मध्ये जो लुईसला, म्हणजे दुसऱ्या काळ्या माणसाला, ते पद मिळालं. जॉन्सनला मरणोत्तर माफी मिळाली ती २०१८ मध्ये.

जाता जाता आणखी एक : पहिल्या महायुद्धात काळा धूर ओकत फुटणाऱ्या जड जर्मन तोफगोळ्यांना ब्रिटिश शिपाई 'जॅक जॉन्सन' म्हणत.

आता मराठीचं. बॉक्सिंगचा किंवा वर्णद्वेषाचा संदर्भ असेल तर 'गोऱ्यांचं आशास्थान' लिहावं. 'गोरा' म्हटलं की आपल्याला साहेब दिसतोच, त्यामुळे अर्थ पोचतो. रंगाचा संबंध नसेल तिथे 'संघाची सगळी भिस्त त्याच्यावर' पुरे. मात्र इंग्रजीत हा प्रयोग पुष्कळदा खवचटपणे होतो, बिचाऱ्या 'होप' एकामागून एक आडव्या झाल्यामुळे असेल. तुमच्या लेखात तसा सूर असेल तर अवतरणचिन्हांत 'तारणहार' लिहा.