बांधाच्या दगडातला काळा जिवाणू भाताला लागेल का?

मुरबाडच्या एका दादांनी विचारलंय, मुलगी कल्याणला मायक्रोबायोलॉजी शिकते, तिने वरकसातल्या (डोंगरउतारावरच्या जमिनीतल्या) बांधाच्या दगडावरची माती खरवडून कॉलेजात जिवाणू वाढवायच्या प्लेटवर लावली तर आधी फिकट गुलाबी आणि मग काळेकुट्ट ठिपके आले, सरांनी नाव सांगितलं जिओडर्माटोफिलस, आता दुकानदार म्हणतोय काळी बुरशी आहे, जमिनीत बुरशीनाशक ओता, तर ओतू का?

दादा, अजिबात ओतू नका. ही बुरशीच नाही, ग्रॅम पॉझिटिव्ह (जाड पेशीभिंतीचा) जिवाणू आहे, पहिल्या पावसात मातीला वास आणणाऱ्या ॲक्टिनोबॅक्टेरियांच्या खानदानातला. १९६८ साली याचं पहिलं वर्णन झालं, ते अमेरिकेतल्या नेवाडाच्या वाळवंटी मातीतून मिळालेल्या नमुन्यावरून. वाळवंटात, उघड्या दगडावर, जुन्या इमारतींच्या संगमरवरावर राहणारा हा चिवट जीव आहे, पाणी नाही, ऊन तळपतंय, अन्न जवळजवळ नाहीच, तरी तग धरतो, आणि गॅमा किरणांनासुद्धा बऱ्यापैकी पुरून उरतो. काळा रंग मेलॅनिनसारख्या रंगद्रव्याचा, सडल्याचा नाही.

वाढायची पद्धत तर फारच भारी आहे, एक पेशी उभी आडवी सगळ्या बाजूंनी विभागत जाते आणि चौकोनी पेशींचा गठ्ठा तयार होतो, मग त्यातून शेपटीवाल्या पोहणाऱ्या पेशी सुटतात, त्या नवीन जागी जाऊन परत गठ्ठा बांधतात. मुलीला मायक्रोस्कोपखाली दोन्ही रूपं शोधायला सांगा, दिसली तर सरांनाही आनंद होईल. पण वाढ हळू असते, ठिपके दिसायला कित्येक दिवस जातात, त्यामुळे प्लेट लगेच फेकायची नाही. आणि याला हवा लागतेच, म्हणजे चिखलणी करून पाणी साचवलेलं भाताचं खाचर ही त्याची जागाच नाही.

शहापूरच्या एका ताईंनीही विचारलंय, त्यांचे दगड पावसाळ्यात काळे पडतात, ते मात्र बहुतेक निळं-हिरवं शेवाळ किंवा दगडफूल असतं, त्यालाही औषध नको.

कोणी हाच जिवाणू खत म्हणून बाटलीत विकायला आला तर घेऊ नका, तशी शिफारस नाही. स्फुरदासाठी पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) आहेच, १ किलो बियाण्याला २५ ग्रॅम चोळा, सावलीत सुकवा आणि पेरा, बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, पीएसबी सगळ्यात शेवटी. भाताच्या पानावर करपा किंवा कडा करपा हा रोग दिसला तर पानाचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून पाठवा, औषध त्यावरून ठरवू.